भारोभार गूळ

"दवाखान्याची चिठ्ठी हाये ना आपल्याजवळ," शालिकराम बायकोच्या कानाशी कुजबुजला. "चव्वेचाळीस किलो. तेवढा गूळ आनला हाये मी. तू कावून बसतं तराजूत?"

वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या गणपतीच्या मांडवात टालीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, आणलेला तराजू टांगला होता. सिंधुताईची तुला पाहायला अर्धं सेक्टर जमलं होतं. मागच्या उन्हाळ्यात ती टायफॉइडनं खाटेला खिळली, तेव्हा शालिकरामच नवस बोलला होता: ही बरी होऊ दे, हिच्या भारोभार गूळ देईन. ती बरी झाली, पहिल्यासारखी अंगानं भरली, आणि आता नवऱ्याला तिचं वजन चारचौघांत नको झालं.

"टालवाल्याचा तराजू मोडला तर?" मंडळाचे आनंदराव म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

याच बायका दवाखान्यात भेटायला आल्या होत्या. सिंधुताईला पाण्याचा घोट उतरत नव्हता, केस मुठीनं गळत होते, आणि खाटेशी उभ्या राहून या म्हणाल्या होत्या, "चला, या निमित्तानं बारीक तरी झाली. किती छान दिसते!" ते आठवून तिला शिसारी आली. स्वतःचीही आली. पंगतीत अर्ध्या पोळीवर "पोट भरलं" म्हणायचं आणि घरी येऊन ओट्याशी उभ्यानं शिळा भात गिळायचा. फोटोत कुणाच्या तरी मागं दडायचं. वीस वर्षांच्या त्या दडण्याची तिला किळस आली.

तिनं नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली.

"चव्वेचाळीसची होती तवा मी मरून राहिली होती. तुमी देवाले हेच अंग मांगितलं ना? आता त्यालेच फसवता?"

"लोक हासते, सिंधू."

"लोकाइचं सोडा. लाज तुमाले वाटते."

चिठ्ठी मांडीखाली दाबून सिंधुताई पारड्यात बसली. समोरच्या पारड्यात आणलेल्या सगळ्या गुळाच्या भेल्या चढल्या, पण तिचं पारडं जमिनीवरून हललं नाही. हशा पिकला. आनंदरावांचे तंबाखूच्या खर्ऱ्यानं किटलेले दात तिला मागपर्यंत दिसले.

"पोचलं देवाला. उतरा आता," ते म्हणाले.

"नवस पुरा कुठं झाला?" ती नवऱ्याकडे वळली. "जा, गूळ आना. मी इथंच बसली हाये."

शालिकराम सायकल घेऊन पलीकडच्या खुर्सीपार वस्तीतल्या दुकानाकडे निघाला. पाऊण तास गेला. हसणाऱ्यांची तोंडं दुखली, काही जण घड्याळं पाहू लागले. सिंधुताईच्या पाठीला रग लागली, तरी ती उठली नाही. चारचौघांत पोट आत न ओढता ती पहिल्यांदाच बसली होती.

घामाघूम शालिकराम पोतं घेऊन आला. कुणाला हात लावू न देता त्यानं एकेक भेली स्वतः ठेवली. शेवटच्या भेलीसरशी तिचं पारडं जमिनीवरून सुटलं, दांडी करकरली. त्यानं घाबरून साखळी धरली.

"सोडा," ती म्हणाली. "तुटत नाही."

त्यानं हात काढला. दोन्ही पारडी हळूहळू बरोबरीला आली. मांडवात कुणी हसलं नाही, आणि सिंधुताई उतरायची घाई न करता तशीच अधांतरी बसून राहिली.