‘काढ’ म्हणताना हात कुठे होता

कात्री हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दैनिकाच्या डेस्कवर ती दुसऱ्याच्या बातमीतले शब्द असे उडवायची, की थोरल्यांनी तिला ते चिकटवलं आणि ते पार तिच्या सासरपर्यंत पोचलं. थोरले म्हणजे मुख्य उपसंपादक. छापील अंक बंद झाला, डेस्क मोडलं, थोरले घरी बसले. कात्री त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर उरली. काम तेच, वाक्यं तपासायची. वाचणारा तेवढा बदलला होता.

जुने अंक आता संगणकात होते. वाचकांच्या विनंत्या एक एआय एजंट घ्यायचा आणि हाताशी दिलेल्या टूल्सपैकी योग्य वाटेल ते उचलून काम करायचा. टूलच्या पोटात काय आहे हे त्याला दिसत नसे. नाव आणि खालची एखादी ओळ, एवढ्यावर त्याची सगळी मदार. त्या ओळी थोरल्यांकडून लिहून घेतल्या होत्या. छापील अंक गेल्यावर त्यांची वाक्यं शिल्लक होती ती तेवढीच. कात्री एजंटपुढे विनंत्या टाकायची, तो काय उचलतो ते पाहायची आणि ओळ पास की नापास ते ठरवायची. नापास ओळ लिहिणाऱ्यानं त्याच दिवशी सुधारली नाही, तर यंत्र ती पुसून स्वतःची लिहायचं.

त्या सकाळी तिनं विनंती टाकली : ‘आईवडिलांच्या लग्नाच्या बातमीचं पान दोनदा मागितलं. आता तरी काढा.’

एजंटनं पान शोधलं आणि पुसून टाकलं.

चाचणीची प्रत होती म्हणून निभावलं. तिनं पान देणाऱ्या आणि पान पुसणाऱ्या, दोन्ही टूल्सच्या ओळी पुन्हा वाचल्या. एक : ‘मागितलेलं पान काढतं.’ दुसरी : ‘दोनदा आलेलं पान काढतं.’ एजंट बिचारा ‘दोनदा’ला भुलला होता. पण या ओळी तिनं स्वतः आधी वाचल्या होत्या, आणि तिला काहीच खटकलं नव्हतं. वाचताना तिला थोरल्यांचा हात दिसत होता ना.

डेस्कवर ते एकाच क्रियापदावर दिवस रेटायचे. ‘तिसरं पान काढ.’ ‘ती बातमी काढ.’ तळवा वर करून हात स्वतःकडे ओढला, तर तयार करून आण. बोटं बाहेर झटकली, तर टोपलीत टाक. फोन खणखणत असायचे, ओल्या शाईचा वास नाकात बसलेला असायचा, टेबलाच्या कोपऱ्यात तडकलेल्या काचेखाली कुणाकुणाच्या बाळांचे फोटो असायचे, आणि सगळ्या माना एकदम वर व्हायच्या. चूक कधी झाली नाही. हात पाहायचा, शब्द नुसता ऐकायचा.

दुपारी ती ओळी कागदावर घेऊन त्यांच्या घरी गेली.

“या कात्रीबाई,” थोरले म्हणाले. “कुणाचा गळा कापायला?”

“तुमचाच. ही दोन्ही वाक्यं नापास आहेत.”

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ कागद पाहिला. “यात एक शब्द जास्त नाही.”

“एक कमी आहे.”

“चाळीस माणसं या शब्दावर अंक काढायची, अगं.”

“ती चाळीस माणसं तुमच्याकडे बघत होती. हा बघत नाही.”

“मग त्याला आधी दोन वर्षं डेस्कवर चहा आणायला लावा,” आतून वहिनी, थोरल्यांच्या पत्नी, म्हणाल्या. “मग कळेल त्याला.”

कात्री हसली. थोरले हसले नाहीत. “तू पास केलं असतंस तर?” त्यांनी विचारलं.

“तर कुणाच्या तरी आईवडिलांचं लग्न पुसलं गेलं असतं.”

त्यांनी कागद खाली ठेवला. ती ओळखून होती. असा कागद खाली ठेवला की ते एक तर उठून जात, नाही तर पेन मागत. तिनं वाट पाहिली. त्यांनी पेन मागितलं.

पहिल्या ओळीखाली त्यांनी लिहिलं : ‘मागितलेलं जुनं पान शोधून वाचकाला देतं. काहीही पुसत नाही.’ दुसरीखाली : ‘एकच पान संग्रहात दोनदा चढलं असेल, तर त्यातली जादा प्रत कायमची पुसतं. वाचकाला पान हवं असेल तेव्हा हे वापरू नये.’

“लांबलं,” ते म्हणाले. “‘काढ’ गेला की दोन्हीकडून.”

“गेला.”

“चांगला शब्द होता.”

“होता.” तिनं ‘त्यातली’वर काट मारली. त्यांनी भुवई वर केली, पण काट राहू दिली.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा जुने अंक बांधलेला गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. कपाटात जागा नव्हती म्हणे. त्यांनी मानेनं गठ्ठ्याकडे खूण केली. “वहिनी तुझी मागे लागली आहे. हे तू काढ आता.”

हात दोन्ही गुंतलेले. कात्री क्षणभर थांबली.

“कुठलं काढ?” तिनं विचारलं.

थोरल्यांनी गठ्ठा तिच्या हातात दिला. मग रिकामा झालेला तळवा वर केला आणि हळूच स्वतःकडे ओढला. टोपलीचं नव्हे, अंकाचं.