राहिलेल्या आरतीचं तुणतुणं

“बाबा, खुंटीवरचं तुणतुणं आपोआप वाजतं म्हणून राह्यल्या पोरी. खरं का?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून वहीत गाणी लिहिणाऱ्या सत्यशीलानं चहा पिता पिता विचारूनच टाकलं. तिच्या वडलांनी, भुजंगनं बशी खाली ठेवली. मित्रांनो, ते जुनं तुणतुणं मीच!

१९८१ साली राजूरच्या एका सुतारानं मला घडवलं. पोकळ लाकूड, तळाला चामडं, बाजूला काठी आणि एकच तार. एवढ्यावर भुजंगनं मला गावोगाव मिरवलं. लग्नानंतर गोंधळ असला की तो एकेका देवाला नाव घेऊन बोलावी. पहाटे आरती करून त्यांना निरोप द्यायचा, हा आमचा नेम.

पुढे भुजंगला स्वतःची गाणी सुचू लागली. एमआयडीसीतल्या भट्ट्यांची, डबे घेऊन जाणाऱ्या कामगारांची. लोक नुसते खूश! एका पहाटे गोंधळ संपत आला होता, तोच कॅसेटवाल्यांची जीप आली. “येऊन करतो आरती,” म्हणत तो गेला. ती आरती राहूनच गेली. साथीदारानं मला घरी आणून खुंटीला लावलं.

घरासमोर, मस्तगडच्या दुकानात त्याची कॅसेट वाजली. गिटार, ढोलक आणि मागे एक तार. टुंग, टुंग. माझीच! मी तर घरी होतो. प्रत्येक नव्या कॅसेटवर ती तार मोठी होत गेली. शेवटी भुजंगचा आवाजच ऐकू येईना. त्यानं गाणं सोडलं.

मित्रांनो, मी स्वतःहून वाजत नाही. पहाटे माझ्यासमोरची सतरंजी खूप जण बसल्यासारखी दबते. मग तारेला गार बोट लागतं.

“खरंय,” भुजंग खाली बघत म्हणाला. “बोलावलेले देव अजून बसूनच हैत. माझा गळा लागत न्हाई आता.”

“मंग आजच विहिरीत टाका त्याला,” सत्यशीलाची आई उषाबाई म्हणाली.

माझी तार ताठरली. पण सत्यशीलानं मला उतरवलं, ओढणीनं कित्येक वर्षांची धूळ पुसली आणि माझ्या काठीवरची खुंटी पिळून तार लावली. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं वाद्य मुकं लटकत असेल. त्याला एकदा हात लावा. त्याच्यासोबत कोण थांबलंय, काय सांगावं?

“पोरीनं कधी गोंधळ घातलाय का?” आईनं विचारलं.

सतरंजी हळूच दबली. सत्यशीलानं ती पाहिली, पण मागे सरली नाही.

“आई, राहिलेली आरती मी म्हणणार. त्यांना निरोप देते, मंग माझी गाणी सुरू. बाबा, तुम्ही दिवटी धरा.”