आलेखातल्या दोन पायऱ्या

हसिनासमोर लॅबच्या मशीननं काढलेला आलेख होता आणि त्यात दोन पायऱ्या होत्या. हवी होती एकच.

स्टायरीन, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट आणि थोडं अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड. तिन्हींचं मिश्रण रिअ‍ॅक्टरमध्ये चार तास थेंबाथेंबानं सोडायचं, म्हणजे तिन्ही एकाच साखळीत गुंफले जातात आणि रंगासाठीचा चिवट पॉलिमर होतो. घाई केली की उतावळे रेणू आधी जोडले जातात, उरलेले मागाहून आपली वेगळी चूल मांडतात. तापवल्यावर दोन्ही साखळ्या वेगवेगळ्या तापमानाला मऊ पडतात, आणि ते मेलं मशीन बरोबर दाखवतं.

घाई हसिनानंच केली होती. काल दुपारी माल न्यायला आलेला टँकर गेटवर खोळंबला, म्हणून तिनं ऑपरेटर अंबाजी आबांना व्हॉल्व्ह जास्त उघडायला लावला. आबा इथल्या नवलाख उंबरे गावचेच, बावीस वर्षं त्या रिअ‍ॅक्टरपाशी. तिला प्लँटवर उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. "दम धर, पोरी. तापमान बग कसं चढतंय," ते म्हणालेही होते. हिनं ऐकलं असतं तर ना!

आता प्लँटच्या साहेबांनी चौकशीचा छापील कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. चूक कोणाची? ऑपरेटरची.

"सर, व्हॉल्व्ह मी वाढवायला सांगितला. माझं नाव घाला."

सकाळपासून ती हे घोकत होती. एकदा बोलून टाकलं की सुटले, असं तिला वाटत होतं.

साहेब चिडलेसुद्धा नाहीत. "मॅडम, तीन वर्षांत मालाच्या दर्जाच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर तुमची सही आहे. तुम्ही चुकता म्हटलं की कस्टमर सगळ्याच मालावर शंका घेणार. प्लँट बंद, दीडशे माणसं घरी. ऑपरेटर चुकला तर एकच जातो."

खरं बोलायची सोयच उरली नव्हती. आबा दारात उभे होते. तिनं वळून विनवलं, "आबा, तुम्ही तरी सांगा यांना."

"म्या केली सही," आबा म्हणाले. "आमचा मारुती पॅकिंगला हाय न्हवं. म्या तोंड उघडलं तर पोराचीबी नोकरी जाईल. कर तू. रिअ‍ॅक्टरला पुढचा माल चढवलाय, तितं कुनीतरी पायजे."

हसिनानं सही केली. तिला स्वतःची शिसारी आली.

आबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. ते जमा करून घेतल्याची सहीसुद्धा साहेबांनी तिच्याकडूनच घेतली.