पुसलेलं धुकं

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ट्रेमधले कापसाचे बोळे बघून. चित्रावरचं जुनं व्हार्निश निघालं असतं तर बोळे चहाच्या रंगाचे झाले असते. हे निळसर पांढरे होते. म्हणजे निघालं होतं ते बाबांचं धुकं.

वडिलांचं ते एकच मोठं चित्र. पहाटेच्या धुक्यातून पाच घोडेस्वार येताहेत, आणि पोटाखाली घोडे दिसतच नाहीत. बघणारा आपोआप हळू बोलायला लागायचा. धाकट्या भावाने ते तिला न विचारता साफ करायला दिलं, आणि आता त्यातले चार स्वार फोटो काढून घ्यायला उभे राहिल्यासारखे लख्ख दिसत होते.

“अरे, डोकं गहाण ठेवलं होतंस का?” ती ओरडली. “पांढऱ्यात चिमूटभर निळा घालून, तेलात पातळ करून, फडक्याने थर देत होते बाबा. एक वाळला की दुसरा. अख्खा हिवाळा! आणि तुम्ही ते मळ म्हणून पुसलंत?”

चित्रं साफ करणारा खाली बघत म्हणाला, “साहेब म्हणाले, पाय दिसेपर्यंत काढा.”

“हो, मीच म्हणालो!” धाकटा उसळला. “बाबांना घोड्याचे पाय जमत नाहीत म्हणून धुकं घालतात, असं पाहुण्यांसमोर कोण सांगायचं? तू! ते बिचारे हसून गप्प बसायचे. आता बघ पाय!”

तिने पाहिले. गुडघा, घोटा, ओल्या मातीत रुतलेला खूर. एकेक पाय अंगाचं वजन पेलत होता. पाय चोख होते आणि चित्र मेलं होतं. इतकं नीट काढून त्या माणसाने ते स्वतः झाकलं होतं, कारण त्याला पहाट हवी होती. ती स्वतः जन्मभर मुलांना चित्रकला शिकवत आली, तरी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिचा राग तसूभरही कमी झाला नाही, फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना.

“शेवटच्या स्वाराचं काय करू?” साफ करणाऱ्याने विचारलं. बोळा अजून त्याच्या हातातच होता.

“हात लावाल तर याद राखा!”

“अगं, पण असं अर्धवट कसं टांगायचं?” धाकटा म्हणाला. “लोक विचारतील, कुणी वाट लावली म्हणून.”

“मग सांग ना,” ती म्हणाली. “पुसलंस तू. आणि पुसायला लावलं माझ्या जिभेने.”