दीड ते तीन

दादा घारपुरे यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. बत्तीस वर्षं ते वाड्या-वाड्यांतून साखळी ओढत फिरले आणि त्यातून एकच गोष्ट शिकले: संधी मिळाली की माणूस हद्दीचा दगड हातभर तरी सरकवतोच. निवृत्त होऊन अलिबागेत फ्लॅट घेतला, तरी ती नजर काही गेली नाही. दूधवाला कधी नव्हे तो वेळेवर आला, तरी त्यांना वाटे, यात काहीतरी गोम आहे.

म्हणून सोसायटीसमोरच्या छोट्या बागेबद्दल कुरबूर सुरू झाली तेव्हा बाग-समितीचा चिटणीस हितेश थेट त्यांच्याकडेच आला.

"दादा, दुपारी कोण कुठले लोक येऊन पडतात तिथे. एक ते चार फाटकाला कुलूपच लावावं म्हणतोय. पण पालिकेला लेखी काहीतरी द्यायला हवं. तुम्ही तीन दिवस बसून नोंद कराल?"

दादांनी त्याच दिवशी नवी वही आणली. जेवताना बायकोला, आनंदीबाईंना, सांगितलं, तेव्हा आमटी वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"दुपारी? आणि तुमची झोप?"

"तीन दिवस नाही झोपलो तर काय बिघडतंय?"

"ऊन असतं फार," एवढंच बोलून आनंदीबाई पळी घेऊन आत गेल्या.

बाग ती केवढी! चार बाकडी, एक घसरगुंडी, दोन बदामाची झाडं आणि कोपऱ्यात माळ्याची खोली. दादा फाटकाजवळच्या बाकावर बसले. पार्सलं पोचवणारा एक तरुण बूट उशाला घेऊन सावलीत झोपला होता. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून फोनवर रडत होती. दादांनी दोघांनाही वहीत घेतलं. पण खरा संशय त्यांना आला तो केसरचा.

केसर कोळीण. बाजार उठला की दीडच्या सुमारास रिकामी पाटी घेऊन यायची आणि मागच्या बाकावर बसायची. शेजारच्या जागेवर पदराआडून एक फडकं काढून अंथरायची. एक म्हातारा तिथे टेकायला गेला, तर म्हणाली, "तिथं नको बसू रं बाबा, मानूस येनार हाय." माणूस काही आलं नाही. ती फाटकाकडे बघत राहिली, आणि दर वेळी तिची नजर दादांवर येऊन अडकत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिने माळ्याला, सदाला, खुणेने बोलावलं. दोघं हलक्या आवाजात बोलले. दादांच्या कानावर अर्धंमुर्धंच आलं.

"आज पन न्हाय."

"तो बसलाय ना तिथं. कशी येल?"

दादांनी वहीत लिहिलं: 'संगनमत. माळी सामील.' दारू असेल, नाहीतर चोरीचा माल. त्या रात्री त्यांनी आनंदीबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "असेल काहीतरी."

तिसऱ्या दिवशी केसरने पाटीतून एक स्टीलचा डबा काढून सदाच्या हातात दिला. दादा ताडकन उठले आणि दोघांसमोर जाऊन उभे राहिले.

"दाखव तो डबा."

सदाने निमूटपणे पुढे केला. डबा रिकामा होता, घासून लख्ख केलेला. झाकणावर नाव कोरलेलं होतं: सौ. आनंदी दा. घारपुरे.

"माझ्या घरातला डबा तुमच्याकडे कसा?" दादांचा आवाज चढला. "कधी उचललात?"

"उचलला?" केसर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बायनंच दिला. त्यात लाडू व्हते. तीन दिस झाले, ती येत न्हाय. म्हनून सदाला म्हनलं, घरी पोचव."

"कोण बाय?"

"तुमची बाय. दुसरी कोन?"

"ती इथे येते? कधी?"

"रोज. दीड ते तीन. तीन वर्सं झाली की."

"काय करते इथे?"

"बसते."

"आणि?"

"आनि काय? बसते."

दादा डबा घेऊन घरी आले. आनंदीबाईंनी डबा पाहिला, त्यांचा चेहरा पाहिला आणि खुर्चीवर बसल्या.

"मी झोपलो की तू जातेस?"

"हो."

"चोरून?"

"चोरून नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"घरात बसायला जागा नाही का? गॅलरी आहे, झोपाळा आहे."

"आहे ना. पण इथे बसले की कुणाला पाणी हवं असतं, कुणाला चष्मा सापडत नसतो. तिथे मला कुणी काही मागत नाही."

"आणि त्या बाईशी बोलतेस काय?"

"कधी बोलतो. कधी नुसत्याच बसतो."

उत्तर साधं होतं. पण दादांना ते पटेना. तीन वर्षं म्हणजे हजारभर दुपारी. एवढ्या दुपारी माणूस नुसतं बसतं होय?

रविवारी समितीच्या बैठकीत हितेशने अहवाल मागितला. दादांनी वही उघडली. 'संगनमत' या शब्दावर त्यांनी आधीच काट मारली होती.

"दुपारी बागेत रोज दहा-बारा माणसं येतात," त्यांनी वाचलं. "काही झोपतात, काही बसतात. आक्षेपार्ह काही आढळलं नाही. फाटक उघडं ठेवावं."

हितेशने भुवया उंचावल्या. "दादा, परवा तर तुम्ही वेगळंच म्हणत होतात. कुणी भेटायला आलं होतं का तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दादांवर संशय घेत होतं. त्यांनी वही मिटली. "लिहिलंय ते लिहिलंय," ते म्हणाले.

सोमवारी जेवणं झाली. आनंदीबाई आता उघडपणे चपला घालत होत्या. दादा दारापर्यंत गेले.

"मी येऊ का?"

आनंदीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, विचारही करावा लागला नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा."

दादा पलंगावर आडवे झाले. झोप कसली येतेय? त्या बाकावर आपला विषय निघत असेल का, निघाला तर ती काय सांगत असेल, आणि निघतच नसेल तर ते जास्त वाईट की काय, हेच डोक्यात घोळत राहिलं. एकदा उठून खिडकीपाशी गेले, पण बदामाच्या पानांआड काही दिसेना.

तीन वाजून पाच मिनिटांनी दारात चावी फिरली, तसे त्यांनी घाईघाईने डोळे मिटून घेतले.