उघडं पातं

“हात खिशात घाल,” नयन दात आवळून म्हणाला. “गिऱ्हाईक येऊन राह्यलं.”

भीमसिंग राठोडने डावा हात पँटच्या खिशात घातला. त्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका आरागिरणीत गेली. तिथं बावीस वर्षं काढल्यावर तो यवतमाळातल्या या हार्डवेअरच्या दुकानात आला. आऱ्यांना धार लावायची, यंत्रं दुरुस्त करायची. म्हातारे शेठ होते तोवर त्याचा हात कुणाला खुपला नव्हता. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा नयन बसत होता, आणि दुकानाच्या अगदी दर्शनी भागात ‘घरगुती कटाई टेबल’ मांडलेलं होतं.

ते टेबल भीमसिंगनेच जोडलं होतं. स्वस्तातला हातकटर उलटा करून प्लायच्या फळीखाली आवळायचा, फळीला चीर पाडायची आणि त्यातून गोल पातं वर काढायचं. नयनने मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकले आणि दोन महिन्यांत नऊ टेबलं गेली. घेणारे सगळे हौशी. कुणी देव्हारे करणारा, कुणी खेळणी करणारा. पहिल्याच दिवशी भीमसिंगने पात्यावर बसेल असं झाकण करून दाखवलं होतं. नयनने ते उपटून फेकलं. “झाकण लावलं तं व्हिडिओत पातं दिसन काय?” नऊही टेबलं भीमसिंगने तशीच जोडली, खोक्यांत बांधली, खोक्यांवर मार्करने पत्ते लिहिले.

आलेलं गिऱ्हाईक म्हणजे सदाशिवराव. एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. नात स्पृहा हिच्यासाठी त्यांना बाहुलीचं घर करायचं होतं.

“हेच ना ते व्हिडिओतलं?”

“हेच साहेब. एकदम सेफ,” नयन म्हणाला. “बारके तुकडे लोण्यासारखे कापते.”

“लाकूड केवढं जाड हाय, साहेब?” भीमसिंगने मागून विचारलं.

“पाव इंच. बारीक पट्ट्या कापायच्या आहेत.”

“मंग हे नका घेऊ.”

नयन गर्रकन वळला. “तू चूप बस रे!”

“बारीक पट्टी ढकलाले बोट पात्याच्या जवळच न्या लागते,” भीमसिंग सांगतच राहिला. “त्यापरीस बारीक दाताची हातआरी घ्या. काटकोन बरोबर याले हा लाकडी साचा, अन् लाकूड टेबलाले आवळाले दोन शिकंजे. एवढ्यात बाहुलीचं घर होते. सगळं मिळून याच्या चौथाई पैशात येते. हात बसला का मंग जिगसॉची बारकी मशीन पाहा.”

सदाशिवरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मी सल्ला मागितला का तुला? हातआरीने घासत बसायला मी काय सुतार आहे? तीस माणसं हाताखाली होती माझ्या.”

भीमसिंगने हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला.

सदाशिवरावांनी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “दारू पिऊन बसला असशील यंत्रावर. तुमच्या लोकांचं माहीत आहे मला.”

“दारू नव्हती साहेब. गिरणीचा मालक म्हने झाकण काढ, काम भराभर होते. मी काढलं.”

“नका ऐकू त्याचं,” नयन म्हणाला. “दाखवतोच तुमाले.” त्याने बटण दाबलं. पातं किंचाळायला लागलं. त्याने एक पट्टी घेतली आणि सरळ पात्यावर ढकलली. अर्धी कापली गेली, मग अडकली, वाकडी झाली आणि सुटली. सदाशिवरावांच्या कानाजवळून ती गेली ती मागच्या कपाटावर आदळली. काच खळकन खाली आली.

नयनने यंत्र बंद केलं.

“माझा डोळा गेला असता!” सदाशिवराव ओरडले. मग भीमसिंगवरच उखडले, “तुला माहीत होतं, तर आधी नीट सांगायला काय झालं होतं?” त्यांनी हातआरी, साचा आणि शिकंजे घेतले, पैसे काउंटरवर टाकले आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले.

“उद्यापासून येऊ नको,” नयन म्हणाला.

“अन् ते नऊ?”

“कोनते नऊ?”

“जे इकले ते. त्याईले फोन करा. झाकणं मी बनवून देतो.”

“एकालेही फोन जानार नाही. अन् तू कोनाच्या घरी गेला तं चोरीची केस टाकीन तुयावर. समजलं?”

भीमसिंगने आपल्या कानशी पिशवीत घातल्या आणि दुकान सोडलं.

त्याचं घर नेरजवळच्या तांड्यावर. दुपारीच परतलेला पाहून बायको नंदाबाईने कारण विचारलं, तर तो तिच्यावरच खेकसला. तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि मग तीही कडाडली. “मले कायले बोलता? नयनशेठनं सांगतलं, अन् जोडलं कोनं? तुमचा हात तसा झाला तरी नऊ वेळा हात थांबला नाही तुमचा?”

अंगणात बसून त्याने संध्याकाळपर्यंत प्लाय कापली. नऊ झाकणं. कापलेली चीर मिटून लाकूड पात्याला आवळू नये म्हणून प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पत्र्याची एकेक जीभ. पत्ते सगळे त्याच्या ध्यानात होते.

पहिल्या दिवशी यवतमाळातली दोन घरं झाली. एकाने झाकण लावून घेतलं आणि पाणीही विचारलं नाही. दुसऱ्याने दारातूनच हाकललं, तरी झाकण उंबऱ्यावर ठेवून तो निघाला. तिसऱ्या दिवशी तो मारेगावला पोचला. तिथला फुलचंद शाळेत शिपाई होता, सुट्टीत छोटे देव्हारे करायचा.

फाटकाशी त्याची आई मानीबाई आली. कडी काढलीच नाही.

“कोन पाह्यजे?”

“फुलचंदभाऊ. लाकूड कापायचं टेबल नेलं ना तुमी, त्याचं...”

“दुकानवाल्याचा फोन आलता आमाले,” तिने तोडून टाकलं. “तीन बोटाचा मानूस येईन म्हने, चोर हाय म्हने. चाल, हो बाजूले!”

“मावशी, मी काही नेत नाही. हे लावून देतो अन् जातो. पैसे नाही लागत.”

“फुकटात कोन कोनाचं काम करते रे? काहून आला, सांग!”

भीमसिंगने हातातलं झाकण फाटकावर टेकवलं. “ते टेबल म्याच जोडलं, मावशी. चुकीचं जोडलं.”

म्हातारीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. “मंग तं आनखीनच नाही,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

घरामागून यंत्राचा आवाज येत होता. लाकूड लागलं की आवाज जड व्हायचा, मग पुन्हा मोकळा. जड झाला की भीमसिंगच्या मानेच्या शिरा ताठायच्या. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून त्याच्याकडे बघत होती.

आवाज थांबला.

“फुलचंदभाऊ!” तो फाटकावरून ओरडला. “पट्टी बोटानं ढकलू नका! काडी घ्या हातात!”

यंत्र पुन्हा सुरू झालं. भीमसिंग उन्हात फाटक धरून उभा राहिला, पुन्हा कधी थांबतं ते ऐकत.