मामाकडून आलेले डोळे

आमच्या बाला सात पिढ्यांची नावं पाठ होती. कोरीटच्या चावडीवर कोणी विषय काढायचा अवकाश, की तो खापरपणजोबापासून सुरू व्हायचा. त्या यादीत एकही बाई नव्हती. सात पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला असावा! मला हे तेव्हाही खटकायचं, पण बाशी, म्हणजे उखा पाटलाशी, वाद घालणारा अजून जन्माला यायचा होता.

१९३५ सालची गोष्ट. आमच्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं, म्हणून कापूस-ज्वारीच्या जोडीला बाने पहिल्यांदाच मिरची लावली. मी सतरा वर्षांचा. पौषात तोडणी सुरू झाली, तेव्हा सातपुड्यातून रूपलीबाई वीस बायांची टोळी घेऊन आली. मला कर्तेपण दाखवायची भारी हौस. विहिरीजवळचा तुकडा मी एकट्याने तोडला, सहा पाट्या भरल्या आणि ऐटीत खळ्यात नेऊन ओतल्या.

त्यातली अर्धी मिरची हिरवी होती. हिरवी मिरची वाळली की पांढरीफटक पडते, व्यापारी तिला हात लावत नाही. मला मात्र ढिगात काहीच वावगं दिसत नव्हतं. लाल आणि हिरवं म्हणजे लोक नेमकं काय म्हणतात, हे मला आजही कळत नाही. दोन्ही सारखीच मातकट दिसतात. लहानपणापासून मी इतरांचं ऐकून रंगांची नावं घ्यायचो, आणि चुकलो की लक्ष नाही म्हणून टपली खायचो.

"डोया फुटनात का तुन्हा?" बा ओरडला.

"माले पिकेलच दिसन्यात," मी म्हणालो.

झालं! बाने खळं डोक्यावर घेतलं. "मन्हा सात पिढ्यास्मा आसा कोनी जन्मना नही. हाऊ मन्हा रंगतनाच नही!"

वीस बायांचे हात थांबले. मी त्याच्या रक्ताचा नाही, हा घाव माझ्यावर नव्हताच. तो माझ्या मायवर, धनुबाईवर होता. तिने डोक्यावरची पाटी शांतपणे खाली ठेवली.

"मी भाऊघर जास," ती म्हणाली. "हाऊ शबद जठे बोलनात, तठेच, ह्याच लोकेस्ना मोऱ्हे माघारे ल्या. मंग येसू."

बा सगळ्यांसमोर शब्द मागे घेईना, म्हणून मीच गाडी जुंपली. तापीच्या उतारातून आम्ही शहाद्याकडे निघालो. माझ्या डोळ्यांचं मला काही वाटत नव्हतं. माझ्यापायी तिच्या नावाला बट्टा लागला, हे मात्र सहन होत नव्हतं.

पितांबर मामा मायचा थोरला भाऊ. बा दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. माझी बहीण बेबी हिच्या लग्नात मामाने लाल लुगडं आणायचं होतं, आणि त्याने आणलं हिरवट काहीतरी. मुद्दाम अपमान केला, असं बाने धरलं. हिरवट होतं असं लोक म्हणतात. मला तर ते छान लाल वाटलं होतं.

मामाने मायचं रडणं ऐकून घेतलं आणि मला परसातल्या बोरीखाली नेलं.

"यास्मातलं पिकेल बोर कसं वयखस तू, लोटन?"

"दाबीसन."

"मी बी दाबीसनच," मामा म्हणाला, आणि पन्नाशीचा तो माणूस तिथेच मटकन बसून रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. मामाच्या मामालाही असंच होतं. कोणाला सांगू नको, तुला कोणी मुलगी देणार नाही, असं त्याने भाच्याला लहानपणीच बजावलं होतं. म्हणून मामा जन्मभर नुसता कापूस पेरत आला. कापसाचा रंग कोणाला विचारावा लागत नाही! लुगड्याच्या दुकानदाराने त्याला सरळसरळ फसवलं होतं.

मामाला त्याच्या मामाकडून, मला माझ्या मामाकडून. मधल्या बायांना, म्हणजे आजीला आणि मायला, स्वतःला सगळं नीट दिसत होतं, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

माय डोळे पुसून उठली. "चाल पितांबर. हाई कोरीटना खळामा सांगनं पडी."

"मन्ही पोरनं लगन बाकी शे, धनू," मामा म्हणाला. गावभर बोभाटा झाला तर त्याच्या मुलीला कोण करून घेणार? तो दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने आपणहून बैल जुंपले.

कोरीटला आल्यावर मामा बाला रामरामही न करता मिरचीच्या ढिगाशी बसला. त्याने दोन वाटे घातले. "हाई लाल, हाई हिरवं." दोन्ही वाट्यांत दोन्ही मिरच्या होत्या. बाया आधी हसल्या, मग त्यांच्या लक्षात आलं.

बा ढिगाजवळ आला. "आनि बेबीना लगनमा ते लुगडं?"

"लाल समजीसनच लयनू व्हतू, दाजी."

बाने मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटला. मालक काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, असं रूपलीबाईने मागून मोठ्याने सांगितलं. त्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. मग बा उभा राहिला. त्याने डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली.

"लोटन मन्हाच शे. धनूले मी नको ते बोलनू. चूक मन्ही शे."

माय घरात गेली आणि चूल पेटवली.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, बेबीकडे जाऊ. बेबीला पाचवा महिना होता. तिच्या सासूने पाणी पुढे केलं. मायने तांब्या तसाच खाली ठेवला आणि भरल्या अंगणात म्हणाली, "नातू व्हयना आनि त्याले लाल-हिरवं कयनं नही, ते मन्ही पोरले काही बोलू नका. ते मन्हा आंगेथून येस. बोलनं व्हयी ते माले बोला."

मला तेव्हा लाजेने गाडीखाली लपावंसं वाटलं. आज वाटतं, एवढ्या हिमतीचं बोलणं मी पुन्हा कुठेच ऐकलं नाही.

तेव्हा पोटात असलेला बेबीचा थोरला आता बारा वर्षांचा आहे. त्याला लाल-हिरवं कळत नाही, आणि हे त्यांच्या घरात आजीपासून गड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून बेबीला आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही.